बंद नाभीचा शंख

सोसायटीच्या गणपतीला यंदा मखर कशाचं करायचं, ह्यावर अंधेरीच्या त्या इमारतीत दर ऑगस्टला एक बैठक भरायची आणि बैठकीत हमखास भांडण व्हायचं. कापसाचं मखर झालं होतं, पिस्त्याच्या टरफलांचं झालं होतं, आगकाड्यांचंही झालं होतं. एकदा केलेलं पुन्हा करायचं नाही आणि विकतचं तर मुळीच आणायचं नाही, असा तिथला रिवाज. शहाऐंशी सालची बैठक अनंतरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या नानांच्या, हॉलमध्ये भरली होती. अध्यक्ष तेच आणि मखराचे कारागीरही तेच.

आतल्या खोलीत त्यांची सून क्षमा दोन्ही कानांत बोटं घालून प्रबंध वाचत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. ह्या एका दिवसासाठी सहा वर्षं गेली होती. त्यातच लग्न झालं, जुई झाली, सासूबाई गेल्या. विद्यापीठाने वाढवून दिलेली मुदत महिनाअखेरीला संपत होती. उद्या पास झाली तर डॉक्टर क्षमा, नाही तर नोंदणी रद्द आणि पाटी कोरी. मधलं काही नव्हतं.

प्रबंध होता एका समुद्री गोगलगाईवर. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं; क्षमाच्या माहेरचेही हसलेच होते. पण ज्या जुहूवर लोक भेळ खायला जातात त्या जुहूची वाळू चार वर्षं चाळल्यावर तिला एक अशी गोगलगाय सापडली होती, जिचं नाव आजवर कुणी कुठे लिहिलेलं नव्हतं. गोगलगाय म्हणजे तिचा शंख. चार शंख. पांढरे, गुळगुळीत, लिंबाएवढे.

शंखाची जात ओळखायची तर चेहरेपट्टी बघावी लागते. टोक कसं आहे, वेढे किती, वेढ्यांच्या सांध्यात पन्हळ आहे की नाही, तोंडाची कड जाड की पातळ, आणि खाली, जिथे सगळे वेढे येऊन मिळतात तिथे, नाभी उघडी की बंद. बॅबिलोनिया नावाच्या कुळातली जी जात मुंबईकडे मिळते तिच्या सांध्यात खोल पन्हळ असते. क्षमाच्या शंखांत पन्हळ नव्हती. बिनपन्हळीची जात दक्षिणेत मिळते, पण तिच्या अंगावर तपकिरी ठिपके असतात आणि तिची नाभी उघडी असते, काठाला बारीक दाते असलेली. क्षमाचे शंख पांढरेफटक होते आणि चारही शंखांची नाभी घट्ट बंद होती, पांढऱ्या कठीण थराने लिंपलेली. ठिपक्यांचं एक वेळ सोडा. एकाच जातीत काही ठिपक्यांचे निघतात, काही बिनठिपक्यांचे. पण नाभी बंद म्हणजे जातच वेगळी. तिचे मार्गदर्शक श्यामकांत सर यांनी पहिल्यांदा भिंगातून ती नाभी पाहिली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. क्षमाने सासऱ्यांचं नाव दिलं, बॅबिलोनिया अनंती. पहाटेच्या ओहोटीला ती जुहूवर वाळू चाळत असायची तेव्हा तान्ह्या जुईला मांडीवर घेऊन दूध पाजणारा माणूस दुसरा कोण होता? नवरा जयवंत तर ट्रॉम्बेला पहिल्या पाळीवर गेलेला. नानांनी ते नाव ऐकलं तेव्हा आधी देवापुढे जाऊन उभे राहिले आणि मग दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटले. दूधवाल्याला लॅटिन कळत नाही ह्याची त्यांना फिकीर नव्हती.

तर अशी ती बसली होती, आणि बाहेर चंद्रप्रकाश बोलायला लागला. हा तळमजल्यावरचा, बँकेतला, तोंडाचा फटकळ. त्याचा आवाज कानांतली बोटं ओलांडून आत येत असे.

"नाना, काय वाट्टेल ते करा, पण त्या शंखशिंपल्यांसारखं जड नको हां पुन्हा! चौऱ्याऐंशीला माझ्या कंबरेची वाट लागली होती. ते पांढरं सिमेंट वाळून असला दगड झाला होता यार! जुहूला पाण्यात ढकलताना वाटलं, मूर्तीच्या आधी आमचंच विसर्जन होतंय."

"पण दिसलं कसलं झकास!" समोरच्या फ्लॅटमधल्या जयंतीताई म्हणाल्या.

"आणि टाकलं कुठे? समुद्राचं होतं, समुद्राला दिलं," नाना म्हणाले.

क्षमाने कानांतली बोटं काढली.

शंखशिंपल्यांचं मखर झालं होतं हे तिला ठाऊक होतं. त्या गणपतीत ती बाळंतपणाला माहेरी, साताऱ्याला होती. परत आल्यावर नानांनी एक फोटो दाखवला होता. त्यात मूर्ती मोठी, मखर धूसर आणि कडेला चंद्रप्रकाशचं डोकं. कवड्या-शिंपले असतील असं समजून तिने मान डोलावली होती. मखराचं पुढे काय झालं हे विचारायचं कुणाच्या मनात येतं? माळ्यावर गेलं असेल किंवा कचऱ्यात. ते जुहूच्या पाण्यात गेलं हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती. आणि पांढरं सिमेंट हा शब्दही.

ती उठून दारात आली. आवाज शक्य तितका साधा ठेवून तिने विचारलं, "नाना, त्या मखराला शंख कुठले लावले होते हो?"

नानांचा चेहरा खुलला. मखराबद्दल कुणी विचारलं की त्यांचा असाच खुलायचा. "रामेश्वरचे, अगं! आम्ही यात्रेला गेलो होतो ना, तेव्हा पोतंभर आणले. तिथे ॲसिडात बुडवून अगदी पांढरेशुभ्र करून देतात. म्हटलं, आपली सून शंखांत रमलीय, तर बाप्पालाही शंखांत बसवू. तोंडात कापूस कोंबायचा, म्हणजे सिमेंट आत जात नाही, आणि मग ओळीने दाबून बसवायचे. तुला दाखवायचं राहिलंच ते."

"पालथे बसवले होते?"

"मग! पाठ वर, पोट सिमेंटात."

रामेश्वर, म्हणजे दक्षिणेतली जात. ॲसिड, म्हणजे ठिपके गेले. पोट सिमेंटात, म्हणजे नाभी बंद. तिने दाराची चौकट धरली. चंद्रप्रकाश आता भाताच्या लोंब्यांचं मखर कसं हलकं होईल ते सांगत होता आणि त्याला सगळे माना डोलावत होते.

"तुमच्या उरलेल्या शंखांनी तर माझा आरसा सजवलात नाना," जयंतीताई म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, एक शंख निखळला नाही."

"जयंतीताई," क्षमा म्हणाली, "आरसा बघू या का जरा?"

"आत्ता?"

"आत्ता."

आरसा त्यांच्या बेसिनवर टांगलेला होता. चौकटीभर पांढरे शंख, पाठी वर करून, शेजारी शेजारी. क्षमाने बोट फिरवलं. सांध्यात पन्हळ नव्हती. एकाच्याही नाही.

"ह्यातला एक काढू का हो? उद्या परीक्षेला लागेल."

"अगं बाई, काढशील कसा? नानांनी लावलाय तो, जन्माचा बसलाय." पण परीक्षा म्हटल्यावर जयंतीताईंचा इलाज चालेना. त्यांनी पुरणपोळीची लाटणी ठेवतात त्या खणातून एक स्क्रू-ड्रायव्हर काढून दिला आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. क्षमाने कोपऱ्यातल्या शंखाखाली टोक घातलं आणि दाबलं. आरसा थरथरला. शंख टचकन सुटून बेसिनमध्ये पडला आणि गोल फिरत राहिला.

तिने तो उलटा केला. तोंडातून काळपट झालेला कापूस बाहेर आला. आणि त्याच्या बाजूला, जिथे खोल खळगा असायला हवा होता तिथे, पांढरा कठीण थर. कडेपर्यंत भरलेला, गुळगुळीत, किंचित फुगीर. तिने स्वतः पेन्सिलने काढलेल्या चित्रासारखा हुबेहूब.

"बरी आहेस ना गं?" जयंतीताई विचारत होत्या. "तोंड केवढंसं झालंय. काही खाल्लंस का सकाळपासून?"

ती शिकवायची त्या सांताक्रूझच्या कॉलेजात पोचली तेव्हा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत श्यामकांत सर एकटेच होते. उद्याच्या टेबलावर काळं मखमली कापड अंथरून ते त्याच्या सुरकुत्या काढत होते. ह्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. क्षमा त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आणि नवी जात मिळालेली एकुलती एक. तिने रुमाल उघडून जयंतीताईंचा शंख त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

सरांनी शंख मायक्रोस्कोपखाली धरला. बराच वेळ बघत राहिले. मग क्षमाला खूण केली. क्षमाने डोळा लावला. थरात बारीक बारीक कण होते, साखरेच्या पाकात रवा राहावा तसे. ते कण तिने आपल्या शंखांतही पाहिले होते. पाहिले होते आणि प्रबंधात लिहिलेही होते: नाभीवरचा थर कणीदार, हे ह्या जातीचं खास लक्षण. सिमेंट डोळ्यांसमोर होतं आणि तिने त्याला लक्षण म्हटलं होतं. ह्याची शरम तिला आतून खाऊ लागली.

"आपला एक फोडून बघू या सर," ती म्हणाली. "चारातला एक. आत वाढीच्या रेघा असतील तर थर खरा. नसतील तर..."

"नाही."

"सर, मी तेव्हाही म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, हे देवघरातले देव आहेत, ह्यांना हत्यार लावायचं नाही."

"म्हटलं होतं ना? मग आता तेच ऐक." त्यांनी कपाट उघडून काचेच्या डबीत ठेवलेले चार शंख आहेत ना ते पाहिलं, कपाट पुन्हा लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. "उद्या हे टेबलावर दिसले पाहिजेत. अखंड."

"पण ते खोटे असतील तर?"

"बस," सर म्हणाले. ती बसली नाही. "क्षमा, बाहेरून येणारे विद्याधर माशांचे तज्ज्ञ आहेत. शंखातलं त्यांना बेताचंच कळतं. ते विचारतील ते तुला येतं. उद्याची परीक्षा होऊन जाऊ दे. मग वर्षा-दोन वर्षांनी आपण एक छोटंसं टिपण छापू, की अधिक अभ्यासानंतर हे नाव मागे घेत आहोत. शास्त्रात असं होतं. थोरामोठ्यांचं झालंय."

"आणि उद्याच सांगितलं तर?"

"तर तू कोण राहिलीस? सहा वर्षं सिमेंटचा अभ्यास करणारी बाई. आणि मी तो करून घेणारा म्हातारा." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मुदत संपतेय तुझी. घरी पोर आहे. मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. विचारलं नाही ते सांगू नकोस, एवढंच."

ह्या माणसाने तिला सहा वर्षं शिकवलं होतं. जुईच्या वेळी तिचे तास स्वतः घेतले होते. आणि आता तो खिशावर हात ठेवून उभा होता, जणू ती किल्ली हिसकावून घेईल. क्षमाला त्यांचा राग आला, आणि त्यांची दयाही आली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते म्हणतात ते तिला हवंच आहे. पक्की नोकरी, नाव, पुन्हा पहाटे वाळू चाळायला न लागणं. कुणी तरी मोठ्या माणसाने गप्प बस म्हणावं, हेच ऐकायला तर ती बसने धावत आली नव्हती ना?

"ठीक आहे, सर," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा नाना स्वतःच्या कोटाला इस्त्री करत होते. तोंडी परीक्षा खुली असते, कुणालाही येऊन बसता येतं, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं. जयवंतला रजा नव्हती. मग घरचं कुणी तरी नको का? जुईला जयंतीताईंकडे ठेवायचं ठरून गेलं होतं. पेढे आणून झाले होते.

"नाना, कशाला उगाच दगदग करता," क्षमा म्हणाली. "कंटाळवाणं असतं हो ते. सगळं इंग्रजीतून."

"असू दे. तुझ्या तोंडून माझं नाव ऐकायचंय, लॅटिनमधून. तेवढं तर कळेल?" ते हसले आणि कोटाच्या बाहीवर पाणी शिंपडू लागले. क्षमा मोरीत गेली आणि नळ मोठा सोडून तोंड धुवत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत वीसेक माणसं होती. कॉलेजातले सहकारी, काही विद्यार्थी, आणि मागच्या रांगेत कोट घालून, मांडीवर पेढ्यांचा पुडा ठेवून नाना. टेबलावर काळ्या मखमलीवर चार पांढरे शंख ओळीने मांडले होते. सरांनी ते स्वतः मांडले होते आणि मग किल्ली पुन्हा खिशात ठेवली होती, आता कपाटात काही नसूनही.

डॉक्टर विद्याधर धारवाडहून आले होते. मृदू बोलणारे, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ. त्यांनी शंखांच्या वेढ्यांबद्दल विचारलं, तोंडाच्या कडेबद्दल विचारलं, ह्या कुळातल्या इतर जातींशी तुलना विचारली. क्षमाची उत्तरं तयार होती. ती स्वतःला बोलताना ऐकत होती. सगळं सुरळीत, सगळं पाठ.

"जिवंत प्राणी मिळाला नाही?"

"नाही सर. रिकामे शंखच मिळाले."

"मग हे दुसरीकडून आलेले नाहीत कशावरून?"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. श्यामकांत सर समोरच्या कागदाकडे बघत होते. प्रबंधात ह्याचं उत्तर होतं, तिनेच लिहिलेलं, आणि ते आपोआप तोंडातून बाहेर आलं. "लांबून वाहत आले असते तर झिजले असते सर. ह्यांच्या कडा शाबूत आहेत."

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता. विद्याधरांनी मान डोलावली.

"आणि नाभीवरचा थर?"

"कणीदार आहे सर." एवढं बोलून ती थांबली. पुढचं कुणी विचारलं नाही.

विद्याधरांनी प्रबंध मिटला. सर खुर्चीत मागे टेकले. झालं होतं. सही तेवढी उरली होती. विद्याधर आता खुशीत होते, आणि खुशीत आलेल्या परीक्षकांना शेवटी एक घरगुती प्रश्न विचारायची सवय असते. "अनंती हे नाव कुणावरून?"

"माझ्या सासऱ्यांवरून."

"ते आले आहेत?"

सगळ्या माना मागे वळल्या. नाना गडबडीने उठले, पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवला आणि हात जोडले. विद्याधरांनी मखमलीवरचा एक शंख उचलला आणि स्वतः चालत त्यांच्यापाशी गेले. "घ्या, हातात घ्या. स्वतःच्या नावाचा जीव हातात धरायचं भाग्य फार थोड्यांना मिळतं."

शंख ह्यापूर्वी कधी नानांच्या हाती गेले नव्हते. सापडले ते तिने परस्पर कॉलेजात नेले होते आणि मग सर ते बाहेर नेऊच देत नसत. घरी नानांनी पाहिली होती ती फक्त पेन्सिलीची मोठी मोठी चित्रं.

नानांनी दोन्ही हातांची ओंजळ करून शंख घेतला, प्रसाद घ्यावा तसा. पाठीवरून बोट फिरवलं. मग तो उलटा केला. त्यांचा अंगठा सवयीने खालच्या बाजूला गेला आणि नाभीवर येऊन थांबला. तिथेच राहिला. त्या अंगठ्याने असे किती तरी शंख ओल्या सिमेंटात दाबले होते. तो थर कशाचा आहे हे त्याला कळायला मायक्रोस्कोप लागला नाही.

नानांनी मान वर केली आणि थेट क्षमाकडे पाहिलं. तिला काही लपवता आलं नाही. तिला आधीपासून माहीत आहे, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि त्यांना दिसलं हे तिला कळलं. एवढ्या माणसांत ते दोघंच होते.

"छान आहे," नाना विद्याधरांना म्हणाले. "फारच छान. मी असा कधी... कधी पाहिला नव्हता."

त्यांनी शंख परत दिला. विद्याधरांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, भारावला. नाना बसले, आणि मांडीवर काही नव्हतं तरी दोन्ही हात मांडीवर तसेच धरून समोर बघत राहिले.

क्षमा त्यांना पाच वर्षं ओळखत होती. गणपतीच्या वर्गणीतला एक रुपया उरला तरी उरला म्हणून सांगणारा, लोकांच्या तोंडावर चूक ती चूक म्हणून वैर घेणारा हा माणूस. चंद्रप्रकाशशी त्यांचं वर्षभर वाजायचं ते त्यापायीच. आणि आज त्यांनी भरल्या खोलीत, तिच्यासाठी खोटं सांगितलं होतं. ते आता आयुष्यभर सांगत राहतील. दूधवाल्याला, जयंतीताईंना, जुई मोठी झाली की जुईला. रोज सकाळी चहाला तिच्यासमोर बसतील आणि त्यावर एक अक्षर बोलणार नाहीत.

विद्याधर खिशातून पेन काढत होते.

"सर," क्षमा म्हणाली, "सही करायच्या आधी मला एक शंख फोडायचा आहे."

"क्षमा!" श्यामकांत सर उठले. "काय बोलतेस तू? हे मूळ नमुने आहेत!"

"म्हणूनच फोडायचाय, सर."

त्यांनी मखमलीवर हात आडवा घातला. पण नानांनी परत दिलेला शंख अजून विद्याधरांच्या हातात होता, आणि त्यांनी एकदा सरांकडे, एकदा क्षमाकडे बघून तो मुकाट्याने तिच्यापुढे ठेवला. पांढऱ्या भुवया आता अजिबात मृदू दिसत नव्हत्या. क्षमाने टेबलावरचं काचेचं जड पेपरवेट उचललं. पहिल्या घावाला शंख घसरला. दुसऱ्या घावाला तडा गेला. तिसऱ्याला तो उभा फुटला आणि वेढ्यांचे तुकडे मखमलीवर विखुरले.

नाभीतला थर मात्र फुटला नव्हता. तो अख्खा सुटून आला होता, बुचासारखा. क्षमाने तो चिमट्यात धरून उजेडात फिरवला. कडेला दात्यांचे ठसे होते, दक्षिणेतल्या जातीच्या उघड्या नाभीला असतात तशा दात्यांचे. आत वाढीची एकही रेघ नव्हती. वरच्या बाजूला कापसाचा एक धागा सिमेंटात अडकून राहिला होता.

"ही नवी जात नाही, सर," ती म्हणाली. "ही दक्षिणेतलीच जात आहे. चौऱ्याऐंशी साली आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या मखराला लावलेले हे शंख. हे पांढरं सिमेंट आहे. मखर जुहूला बुडवलं, लाटांनी ते फुटलं, आणि त्याच थंडीत मला हे सापडले. मला कालपासून माहीत होतं."

मागे एक विद्यार्थी फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. विद्याधरांनी चिमटा तिच्या हातातून घेतला, ते बूच स्वतः पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं.

"हा प्रबंध मला मंजूर करता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्हाला कालपासून माहीत होतं हेही मला अहवालात लिहावं लागेल. आणि आज तुम्ही आपण होऊन फोडलात, हेही लिहीन." त्यांनी श्यामकांत सरांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

सर उरलेले तीन शंख डबीत भरू लागले. एक त्यांच्या हातून सुटून जमिनीवर पडला. तो त्यांनी उचलला नाही. डबी तशीच अर्धी उघडी टाकून ते खोलीबाहेर गेले आणि क्षमाकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यानंतर ते तिच्याशी कधीच बोलले नाहीत.

लोक पांगले. सहकारी घड्याळाकडे बघत निघून गेले. क्षमाने फुटलेले तुकडे कागदात बांधले, प्रबंध पिशवीत घातला. सहा वर्षं त्या पिशवीत मावली होती आणि पिशवी काही फार जड नव्हती. आता पुढे काय, जयवंतला काय सांगायचं, पुन्हा नोंदणी होईल का, झालीच तर पहिल्यापासून कोण शिकवणार, ह्यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं. तिला रडू येत होतं आणि इथे रडायचं नव्हतं.

नाना जिन्यात थांबले होते. कोटाची बटणं नीट लावलेली, पेढ्यांचा पुडा हातात तसाच. दोघं खाली उतरू लागले.

"सिमेंट मीच लावलं," नाना म्हणाले. "माझ्या हातानेच तुझं वाटोळं झालं गं."

"असं नका बोलू नाना. बघायचं काम माझं होतं."

ते जिन्याच्या वळणावर थांबले. कठडा धरला. "मी कुणाला सांगितलं नसतं, क्षमा. अगदी मरेपर्यंत नसतं सांगितलं. तुझ्या गळ्याशपथ."

"माहीत होतं मला," क्षमा म्हणाली, आणि त्यांच्या हातातला पुडा काढून तिने स्वतःच्या हातात घेतला. "म्हणून तर फोडला."